सी. टी. स्कॅन : केव्हा, कशासाठी आणि किती?



सी. टी. स्कॅन हा शब्द आता घराघरांत पोहोचला आहे. वडीलधारी व्यक्ती चक्कर येऊन पडली, नातवाच्या डोक्याला मार लागला किंवा कोणाच्या पोटात दुखू लागले, की पहिला प्रश्न येतो, "स्कॅन केला का?" स्कॅन झाला म्हणजे अर्धा उपचार झाला, अशी समजूत रूढ होत चालली आहे. याउलट, स्कॅनमुळे कर्करोग होतो असे कोठेतरी ऐकून आवश्यक तपासणीही टाळणारी माणसे आहेत. या दोन्ही समजुती रुग्णाच्या हिताच्या नाहीत. व्यवहारात जमेची आणि नावेची अशा दोन्ही बाजू पाहिल्याशिवाय शहाणा माणूस निर्णय घेत नाही. तोच नियम येथेही लागू पडतो.

प्रथम जमेची बाजू पाहू. १८९५ साली राँटजेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला आणि शरीर न उघडता आतील हाडे दिसू लागली. परंतु साध्या एक्स-रेमध्ये सर्व अवयवांच्या सावल्या एकमेकींवर पडतात. कवटीच्या आतील मेंदू तर त्यात दिसतच नाही. ध्वनिमुद्रिकांच्या व्यवसायासाठी प्रसिद्ध असलेल्या ईएमआय या ब्रिटिश कंपनीतील अभियंते गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी ही अडचण दूर केली. अनेक कोनांतून क्ष-किरण सोडून, मिळालेल्या मोजमापांची संगणकाद्वारे जुळणी करून शरीराच्या आडव्या छेदाचे चित्र मिळविण्याची युक्ती त्यांनी सिद्ध केली. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील विम्बल्डन येथील रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे असे चित्र घेण्यात आले. याच विषयाचे गणित स्वतंत्रपणे मांडणारे अॅलन कॉरमॅक आणि हाउन्सफील्ड यांना १९७९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

या यंत्राचे मोल पक्षाघाताच्या प्रसंगी विशेष कळते. तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे ही लक्षणे मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी अडकल्यानेही होतात आणि रक्तस्राव झाल्यानेही होतात. बाहेरून पाहून यांतील भेद खात्रीने सांगता येत नाही. गुठळी असेल तर ती विरघळविणारे औषध सामान्यतः पहिल्या साडेचार तासांत द्यावे लागते. रक्तस्राव असताना तेच औषध दिले तर जीव जाऊ शकतो. हा निर्णय स्कॅनमुळे काही मिनिटांत होतो. अशा वेळी "तेल लावून पाहू", "सकाळपर्यंत थांबू" असे म्हणत वेळ घालविणे म्हणजे रुग्णाचे हातपाय आणि वाचा यांवर पाणी सोडणे होय. मोठा अपघात, शरीरात आत रक्तस्राव झाल्याचा संशय, फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याची शंका, अशा प्रसंगीही डॉक्टरांनी सांगितलेला स्कॅन किरणांच्या भीतीने नाकारू नये.

आता नावेची बाजू. सी. टी. स्कॅनमध्ये क्ष-किरणच वापरले जातात आणि त्यांची मात्रा साध्या एक्स-रेपेक्षा बरीच अधिक असते. ही मात्रा मिलिसिव्हर्ट या एककात मोजतात. छातीच्या एक्स-रेची मात्रा सुमारे ०.१ किंवा त्याहूनही कमी, डोक्याच्या स्कॅनची सुमारे २ आणि पोटाच्या स्कॅनची साधारण ८ ते १० मिलिसिव्हर्ट असते. यंत्र आणि पद्धत यांनुसार हे आकडे बदलतात. तुलनेसाठी सांगायचे, तर निसर्गातून माणसाला वर्षाकाठी जगाच्या सरासरीने सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतोच.

लहान मुलांच्या बाबतीत अधिक दक्षता हवी, कारण त्यांच्या वाढत्या पेशी किरणांना अधिक संवेदनशील असतात आणि त्यांचे पुढचे आयुष्यही मोठे असते. 'लॅन्सेट' या नियतकालिकात २०१२ साली ब्रिटनमधील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १९८५ ते २००२ या काळात स्कॅन झालेल्या पावणेदोन लाखांहून अधिक मुला-तरुणांच्या नोंदी तपासल्या होत्या. दहा वर्षांखालील १०,००० मुलांच्या डोक्याचे स्कॅन केले, तर पुढील दहा वर्षांत रक्ताच्या कर्करोगाचा एक आणि मेंदूच्या गाठीचा एक रुग्ण वाढू शकतो, असा अंदाज अभ्यासकांनी मांडला. धोका लहान आहे, पण शून्य नाही. गरज असेल तेथे तो नगण्य ठरतो, आणि गरज नसेल तेथे तो विनाकारण पत्करलेला असतो.

मग गरज ठरवायची कशी? मूल खेळताना पडते, डोक्याला टेंगूळ येते आणि घाबरलेले आई-वडील रात्री रुग्णालय गाठतात. नेमक्या अशा मुलांचा उत्तर अमेरिकेत मोठा अभ्यास झाला आणि तो २००९ साली 'लॅन्सेट'मध्येच प्रसिद्ध झाला. डोक्याला मार लागलेल्या, परंतु शुद्धीवर असलेल्या ४२,४१२ मुलांची त्यात नोंद होती. त्यांपैकी १४,९६९ मुलांचे स्कॅन झाले. मेंदूला गंभीर इजा केवळ ३७६ मुलांना झालेली आढळली आणि मेंदूची शस्त्रक्रिया फक्त ६० मुलांना लागली. मूल दोन वर्षांहून मोठे असेल, शुद्ध हरपली नसेल, वागणे नेहमीसारखे असेल, उलटी किंवा तीव्र डोकेदुखी नसेल, कवटीच्या तळाचे हाड मोडल्याची चिन्हे नसतील आणि मार मोठ्या अपघाताचा नसेल, तर गंभीर इजेची शक्यता अत्यल्प असते, असा नियम त्यातून निघाला. त्याहून लहान बाळांसाठी निकष वेगळे आहेत. म्हणून तपासून झाल्यावर डॉक्टर "काही तास निरीक्षणाखाली ठेवू" असे म्हणाले, तर ती टाळाटाळ समजू नये. निरीक्षण हाही उपचारच आहे. मात्र मूल सुस्त झाले, वारंवार उलट्या करू लागले किंवा झटका आला, तर क्षणाचाही विलंब नको.

करोनाच्या साथीत आपल्या राज्याने याचा दुसरा धडा घेतला. छातीच्या स्कॅनसाठी रांगा लागल्या आणि पंचवीसपैकी किती 'स्कोअर' आला, याचीच चर्चा घरोघरी होऊ लागली. महाराष्ट्र शासनाला सप्टेंबर २०२० मध्ये या स्कॅनसाठी दोन ते तीन हजार रुपयांची कमाल दरमर्यादा घालावी लागली. मे २०२१ मध्ये दिल्लीच्या 'एम्स'चे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी सौम्य आजारात स्कॅनचा उपयोग नाही, असे जाहीरपणे सांगितले. त्यांनी दिलेली एक्स-रेशी तुलना क्ष-किरणतज्ज्ञांच्या संघटनेला मान्य झाली नाही. आधुनिक यंत्रांची मात्रा बरीच कमी असते, असे तिचे म्हणणे होते. आकड्यांवर मतभेद झाले, तरी मूळ मुद्दा कायम राहतो. प्राणवायूची पातळी उत्तम असलेल्या रुग्णाचा उपचार स्कॅनने बदलणार नसेल, तर खर्च आणि किरण कशासाठी?

अनावश्यक स्कॅनचा दोष एकट्या डॉक्टरांवर टाकणे न्याय्य नाही. नातेवाइकांचा आग्रह आणि त्यांच्या रोषाची भीती यांमुळेही चिठ्ठी लिहिली जाते. काही ठिकाणी रुग्ण पाठविल्याबद्दल कमिशन घेण्याची अनिष्ट प्रथा आहे, हेही नाकारता येत नाही. वैद्यकीय व्यावसायिकांच्या २००२ च्या आचारसंहिता विनियमांनी असे कमिशन देण्या-घेण्यास मनाई केली आहे.

प्रत्येक कुटुंबाने काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तातडीची वेळ नसेल, तर डॉक्टरांना नम्रपणे विचारावे : या तपासणीने उपचारात काय बदलणार आहे? सोनोग्राफी किंवा एम.आर.आय.ने काम भागेल काय? या दोन्हींत क्ष-किरण नसतात. पित्ताशयातील खड्यांसाठी आणि मुलांच्या पोटदुखीसाठी बहुधा आधी सोनोग्राफीच करतात. साध्या कंबरदुखीत धोक्याची लक्षणे नसतील, तर पहिले सहा आठवडे स्कॅनची गरज सहसा नसते. जुने रिपोर्ट, फिल्म आणि सीडी एका पिशवीत नीट जपाव्यात, म्हणजे तीच तपासणी पुन्हा करावी लागत नाही. गर्भधारणेची शक्यता, मूत्रपिंडाचा विकार, मधुमेहाच्या गोळ्या किंवा पूर्वी औषधाची आलेली रिअॅक्शन यांची माहिती आधीच द्यावी, कारण काही स्कॅनमध्ये शिरेतून औषध सोडावे लागते. स्कॅन केंद्राकडे अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना असणे बंधनकारक आहे. त्याची चौकशी करण्यात संकोच कसला?

वेळेवर झालेला एक स्कॅन घरातील कर्त्या माणसाला पुन्हा उभा करतो, तर केवळ मनाच्या समाधानासाठी केलेला स्कॅन लहानग्याच्या खाती विनाकारण नावे पडतो. हा विवेक प्रत्येक घरात जागा राहो, एवढीच सदिच्छा.