नानांच्या खिशातला खडू

आम्ही सातपूरहून बोलतोय. आमचा महिला बचत गटांचा एक समूह आहे, त्याच्या समन्वयाचं काम आमच्याकडे आहे. एरवी इथं आम्ही हप्ते, व्याज, बँक जोडणी असलं बोलतो. आज मात्र घरातली गोष्ट सांगणार आहोत. त्यामुळं सुरुवातीला 'आम्ही' म्हटलं की आम्ही तीन भावंडं समजा. थोरली आठवीत, मधली पाचवीत, धाकटा दुसरीत. आज तुमच्याशी बोलतेय ती मधली.

आमचे वडील शिक्षक होते. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. सातपूरमधल्याच एका खाजगी संस्थेच्या माध्यमिक शाळेत ते गणित शिकवायचे. संध्याकाळी घरी आले की आम्ही आधी त्यांचा सदऱ्याचा खिसा चाचपायचो, कारण त्यात खडूचे तुकडे असायचे. त्या खडूनं आम्ही दारासमोर लंगडीचं रिंगण आखायचो, फरशीवर पाढे लिहायचो. एप्रिलमध्ये पेपरांचे गठ्ठे घरी यायचे. नाना लाल पेननं तपासायचे आणि थोरलीला मार्कांची बेरीज करायला बसवायचे.

एका जून महिन्यात शाळा सुरू झाली आणि नाना घरीच राहिले. आम्हाला कोणी काही सांगितलं नाही. आई म्हणाली, "नानांना बरं नाही." पण नाना आजारी दिसत नव्हते. ते रोज दाढी करत होते, इस्त्रीचा सदरा घालत होते आणि खुर्चीत बसून राहत होते. खिशात खडू नव्हता. आम्हाला पहिल्यांदा कळलं ते एवढंच.

मुलांना सांगितलं नाही तरी ती ऐकतात, पण अर्धंच ऐकतात. रात्री गोधडीत पडल्या पडल्या आम्ही "सही", "ब्रेक", "अध्यक्ष", "जागा भरली" असे शब्द ऐकले. त्यांचा अर्थ आम्ही आमच्या बुद्धीनं लावला. धाकट्यानं तर एक दिवस आईला विचारलं, "नाना नापास झाले का?" त्याच्या जगात वरच्या वर्गात जाऊ न देण्याचं एकच कारण होतं. आईनं त्याला गप्प केलं. पण आम्हा दोघी बहिणींनाही मनातून तेच वाटत होतं. शाळेतून काढतात ते कोणाला? काही केलं असेल त्याला.

थोरली नानांच्याच शाळेत शिकत होती. नानांच्या खुर्चीत नवे सर बसले होते आणि ती रोज त्यांना "सर" म्हणत होती. एक दिवस मधल्या सुट्टीत एका मुलीनं तिला सांगितलं, "तुझ्या वडिलांनी परीक्षा फीच्या पैशात घोळ केला म्हणून काढलं." थोरलीनं घरी येऊन फक्त मधलीला सांगितलं, तेही शपथ घालून. नानांना विचारायची आमची छाती झाली नाही. ते रागावतील म्हणून नव्हे. ते "हो" म्हणतील म्हणून.

मैत्रिणींनो, आज बोलायचं ते याच भीतीबद्दल. नोकरी गेली की पगार जातो हे सगळ्यांना कळतं. किराणा उधारीवर येतो, आई रात्री पापड लाटते, सहलीचे पैसे भरायचे नाहीत असं मूल स्वतःच ठरवतं. हे आम्ही सगळं केलं आणि निभावलंही. पण आपल्या बापानं चोरी केली असेल का, हा प्रश्न उराशी धरून आम्ही काही वर्षं काढली. ते निभावणं जास्त जड गेलं.

आणि हे सातपूरमध्ये घडत होतं, याचं आज नवल वाटतं. आपलं सातपूर कामगारांचं. इथं कंपनीत कामगाराला काढलं की ते लपून राहत नाही. गेट मीटिंग होते, युनियनचा फलक लागतो, मंडप पडतो. आमच्या समोरच्या काकांना कंपनीनं काढलं तेव्हा त्यांची मुलं गल्लीत सांगायची, "आमच्या पप्पांची केस चालू आहे." ती मुलं डबा घेऊन गेटवर जायची. त्यांच्या घरीही पैसा नव्हता, पण त्यांची मान खाली नव्हती. आमच्या नानांसाठी मात्र कुणी गेटवर आलं नाही, कारण नानांनी कुणाला सांगितलंच नाही. मास्तर माणूस, लोक काय म्हणतील, संस्थेची बदनामी कशी करायची! "अध्यक्षांनी थांबा म्हटलंय, बघू म्हटलंय," एवढंच ते आईला सांगायचे. ते थांबले. पावसाळा गेला, दिवाळी गेली. मग त्यांनी घरात शिकवण्या सुरू केल्या आणि पुढं एका कंपनीत टाइमकीपर म्हणून लागले. खिशात पेन आलं, खडू काही आला नाही.

खरं काय ते आम्हाला बारावीनंतर कळलं. कॉलेजच्या प्रवेशासाठी कागद शोधताना आईच्या पेटीत एक फाइल सापडली. त्यात नेमणुकीची सात पत्रं होती, दर जूनला नवीन आणि दर एप्रिलला संपणारी. मधला मे महिना बिनपगारी. याला ब्रेक म्हणतात. नानांनी सात वर्षं विनाअनुदानित शाळेत तुटपुंज्या पगारावर काढली होती. शाळेला अनुदान मिळायची वेळ आली, तेव्हा त्या जागेवर दुसरा माणूस आला. फाइलमध्ये अध्यक्षांना लिहिलेल्या तीन अर्जांच्या प्रती होत्या. "आपला विश्वासू" असं प्रत्येकाच्या शेवटी लिहिलेलं. उत्तर एकही नव्हतं. आरोपपत्र नव्हतं. पैशाच्या घोळाचा एक शब्दही कुठं नव्हता.

आम्ही ती फाइल नानांपुढं ठेवली आणि पहिल्यांदा विचारलं. ते म्हणाले, "तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं." आम्ही म्हटलं, "तुम्ही सांगितलं असतं तर विचारलं असतं." मग बराच वेळ कुणीच बोललं नाही. शेवटी ते म्हणाले, "कोर्ट होतं शाळांचं. मला आठ महिन्यांनी कुणीतरी सांगितलं. तोवर मुदत गेली होती."

ते शाळांचं कोर्ट काय, हे आज सगळ्यांनी ऐकून ठेवा. आपल्या कितीतरी बायका लहान लहान शाळांमध्ये शिकवतात. महाराष्ट्रात खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवेच्या शर्तींचा कायदा आहे, 1977 चा. तो मान्यताप्राप्त खाजगी शाळांना लागू होतो, मग शाळेला अनुदान असो वा नसो. नोकरीवरून काढलं तर शाळा न्यायाधिकरणाकडं अपील करता येतं. लोक त्याला स्कूल ट्रिब्युनल म्हणतात. ते आपल्या नाशकातही आहे. अपिलाची मुदत 30 दिवसांची. उशीर झाला आणि त्याला सबळ कारण असलं तर न्यायाधिकरण तो माफ करू शकतं, हेही कायद्यातच आहे. नानांना तेही कुणी सांगितलं नव्हतं. पण त्या भरवशावर बसू नये. "उद्यापासून येऊ नका" असं नुसतं तोंडी सांगितलं, तरी त्याच दिवसापासून आपण मोजायला लागावं.

याच कायद्यातलं आणखी थोडं सांगतो. राजीनामा द्यायचा तर त्याच्या दोन प्रती करून दोन्हींवर सही आणि तारीख घालायची असते, एक रजिस्टर पोस्टानं पाठवायची आणि एक स्वतःजवळ ठेवायची. म्हणून नेमणुकीच्या वेळी कोऱ्या कागदावर सही मागितली तर देऊ नका. कायम शिक्षकाला गैरवर्तनाचा ठपका ठेवून काढायचं असेल तर चौकशी समिती नेमावी लागते. त्या समितीवर एक सदस्य संस्थेचा, एक शिक्षकानं स्वतः सुचवलेला आणि एक पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतला असतो. आणि पट कमी झाला म्हणून कायम शिक्षकाला कमी करायचं असेल तर तीन महिन्यांची नोटीस आणि शिक्षणाधिकाऱ्यांची आधी मंजुरी लागते.

आता एका खऱ्या खटल्याबद्दल. दीपाली गुंडू सुरवसे या तेव्हाच्या औरंगाबादमधल्या प्राथमिक शिक्षिका. संस्थेनं त्यांना नोव्हेंबर 2006 मध्ये निलंबित केलं आणि जून 2007 मध्ये कामावरून काढलं. त्या न्यायाधिकरणाकडं गेल्या. जून 2009 मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला, मागचा सगळा पगार द्या असा आदेश झाला. संस्था उच्च न्यायालयात गेली. तिथं त्यांना काढणं चूकच ठरलं, पण मागचा पगार मात्र नाकारला गेला. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. 12 ऑगस्ट 2013 रोजी न्यायालयानं त्यांचा पूर्ण पगार त्यांना परत मिळवून दिला. चुकीच्या पद्धतीनं काढलेल्या माणसाला कामावर परत घेताना साधारणपणे मागचा पूर्ण पगार मिळायला हवा, असं त्या निकालानं सांगितलं. आज देशभरातले वकील त्या निकालाचा दाखला देतात. एका मराठी शिक्षिकेनं तो मिळवला आहे.

त्या निकालात एक गोष्ट आहे, ती आमच्या काळजाला लागली. न्यायालय म्हणतं की नोकरीवरून काढल्याचं नुकसान नुसतं पैशात मोजता येत नाही. त्या माणसाबरोबर सगळं कुटुंब होरपळतं, मुलांचं पोषण आणि शिक्षण हिरावलं जातं, नातेवाइकांकडं हात पसरावे लागतात. हे वाचलं तेव्हा वाटलं, कुणीतरी आम्हा तिघांना कोर्टात हजर धरलं.

आता आमच्या गटाचं सांगतो. इथून पुढं 'आम्ही' म्हणजे गट. गेल्या वर्षी जूनमध्ये आमच्या एका सदस्य ताईला शाळेतून फोन आला, "यंदा पट कमी आहे, तुम्ही येऊ नका." सहा वर्षं तिनं तिथं शिकवलं होतं. आठवड्याभरात तिच्या वर्गावर कमी पगाराची नवीन मुलगी आली. तिचा मुलगा त्याच शाळेत चौथीत. ताई बैठकीला आली, हप्ता भरला आणि जाताना हळूच म्हणाली, "कुणाला सांगू नका." आम्ही तिला परत बसवलं. म्हटलं, "ताई, सांगायचं. आधी मुलाला, मग गल्लीला."

त्या संध्याकाळी आम्ही चौघी तिच्या घरी गेलो. भिंतीवर कालनिर्णय होतं. तिनं मुलाला जवळ घेऊन सांगितलं, "बाळा, मला शाळेतून काढलंय. मी चूक केलेली नाही. मी तक्रार करणार आहे. तीस दिवसांच्या आत करायची असते." मुलानं विचारलं, "आजचा कितवा दिवस?" नववा होता. त्यानं स्वतः पेन घेतलं, दिवस मोजले आणि तिसाव्या तारखेला गोल केला. पुढं रोज सकाळी तो एक तारीख खोडायचा.

आम्ही सगळ्या मिळून कागद गोळा केले: नेमणुकीची पत्रं, बँकेचं पासबुक, हजेरीचे फोटो, वर्गाचे निकाल. संस्थेला रजिस्टर पोस्टानं पत्र पाठवलं, पोचपावती फाइलला लावली. वकिलाची फी परवडणार नव्हती. पण जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयात जाऊन अर्ज दिला. आपण सध्या दुसरीकडं नोकरीत नाही, हे अपिलात स्पष्ट लिहायचं असतं, नाहीतर पुढं मागच्या पगाराला अडचण येते. तेही लिहिलं. घर चालावं म्हणून गटातून अंतर्गत कर्ज दिलं. सव्विसाव्या दिवशी अपील दाखल झालं.

निकाल अजून लागलेला नाही. तारखा पडतात. सुरवसेताईंना पूर्ण न्याय मिळायला सहा वर्षं लागली, हे आम्ही तिच्यापासून लपवलेलं नाही. काही वेळा ती रडते, म्हणते सोडून देते. पण परवा तिच्या मुलाला वर्गात कुणीतरी काही बोललं. तो म्हणाला, "माझ्या आईची केस चालू आहे." बास, एवढंच. आम्हाला एकदम समोरच्या काकांची मुलं आठवली.

म्हणून मैत्रिणींनो, तुमच्या घरात असं काही घडलं तर मुलांना तीन गोष्टी त्याच दिवशी सांगा. काय झालं ते सांगा. ही चूक माझी नाही, हे सांगा. आणि आपण आता काय करणार आहोत, ते सांगा. मोठं भाषण नको, जेवताना सांगितलं तरी चालेल. मूल गरिबी सहन करतं. आईबापाबद्दलचा संशय मात्र ते एकट्यानं सहन करतं आणि कुणाला दाखवत नाही.

आमचे नाना आता थकलेत. ताईचा मुलगा गणित शिकायला त्यांच्याकडं येतो. त्याला शिकवण्यासाठी त्यांनी खडूची पेटी आणलीय. परवा त्यांचा सदरा धुवायला काढला, तर खिशात तुकडा सापडला. आम्ही तो धुवायच्या आधी काढून कपाटावर ठेवला.