विटेपर्यंत पोचणारी खरेदी



पुरवठा साखळीतल्या नीतीवर बोलायला अलिबागइतकी अवघड जागा दुसरी नसेल. चरी इथून जवळच आहे. 1933 पासून सहा वर्षं चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी खोतांच्या जमिनी कसल्या नाहीत. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी होते, बाबासाहेब आंबेडकर पाठीशी उभे होते. खंड वरच्याने ठरवायचा आणि पीक बुडालं तर झळ खालच्याने सोसायची, हा व्यवहार त्यांनी नाकारला. आता आपल्या खरेदी-आदेशांतली कलमं काढून वाचा. दर आपण ठरवतो, मुदत आपण ठरवतो, उशीर झाला तर दंड पुरवठादाराला, आणि पैसे मात्र आपल्या सवडीने. खोताला निदान कुळाचं नाव ठाऊक असायचं.

यावर आपलं ठरलेलं उत्तर असं, की साखळी फार लांब आहे. तिसऱ्या-चौथ्या पायरीवर कोण राबतं ते कळणार कसं? तर मासळीकडे बघा. समुद्रात पकडलेली मासळी न्हावा-शेव्यातून युरोपला पाठवायची तर 2010 पासून पकड-प्रमाणपत्र लागतं, आणि कुठल्या बोटीने ती पकडली हे त्यात लिहावं लागतं. ट्रॉलच्या जाळ्यातून कासव सुटून जाईल अशी सोय नाही, म्हणून अमेरिकेने 2019 साली आपल्या समुद्री कोळंबीला दार बंद केलं. म्हणजे गिऱ्हाइकाने हट्ट धरला की साखळी थेट बोटीपर्यंत, जाळ्याच्या आसापर्यंत उलगडते. कोळंबी सोलणाऱ्या बाईच्या हातात रोज किती पडतात, हे त्या प्रमाणपत्रावर नसतं. तेवढ्यासाठी अजून कोणी हट्ट धरलेला नाही, इतकंच.

आता वीट घेऊ. उरण-पनवेलच्या बाजूला आपल्या कंपन्यांची गोदामं, कुंपणं, वसाहती उभ्या राहतात. जिल्ह्यातल्या वीटभट्ट्यांवर राबणाऱ्यांत मोठा भरणा कातकऱ्यांचा. केंद्र सरकारच्या यादीत हा समाज विशेष असुरक्षित आदिवासी गटांत मोडतो. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, तेव्हा मुकादम उचल देऊन जातो. दिवाळी झाली की बिऱ्हाड भट्टीवर. नवरा-बायको मिळून एक जोडी, हिशेब हजार विटांमागे. आठवड्याला खर्ची म्हणून थोडे पैसे मिळतात. बाकीचा हिशेब पाऊस तोंडावर आला की, आणि तोही मालकाच्या वहीतून. अवकाळी सरीने कच्च्या विटा विरघळल्या तर बहुतेक भट्ट्यांवर त्या मोजणीत धरत नाहीत. वहीत नाव नवऱ्याचं. बाईचं नाही, विटा पलटणाऱ्या पोराचं तर नाहीच. उचल फिटली नाही तर ती पुढच्या हंगामावर चढते.

वेठबिगारी संपवणारा कायदा 1976 चा आहे. आशियाई स्पर्धांच्या बांधकामांवरच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली सांगितलं, की किमान वेतनाहून कमी मजुरीवर करून घेतलेलं काम ही घटनेच्या 23व्या कलमाखालची वेठच; आणि काम कंत्राटदाराकडून करून घेतलं म्हणून काम देणाऱ्या सरकारी यंत्रणांची जबाबदारी संपत नाही. जर्मनीचा पुरवठा साखळीचा कायदा लागू झाला 2023 साली. आपण उठता-बसता त्याचे दाखले देतो. त्याआधी चार दशकं ही गोष्ट आपल्याच न्यायालयाने सांगून ठेवलेली होती.

सेबीने मोठ्या कंपन्यांना सामाजिक जबाबदारीचा अहवाल देणं बंधनकारक केलं, हे चांगलंच झालं. पण साखळीतल्या भागीदारांची माहिती मागताना चाळण लावली ती 2 टक्के किंवा त्याहून अधिक खरेदी-विक्रीची, आणि तेवढंही ऐच्छिक. या चाळणीवर वीट कधीच राहणार नाही. ती आपल्या खरेदीच्या नोंदीतच येत नाही. बांधकामाच्या एकरकमी कंत्राटात मुरलेली असते. म्हणून मला आचारसंहितेच्या गुळगुळीत पुस्तिकांपेक्षा निविदेचा नमुना महत्त्वाचा वाटतो. पुरवठादाराकडून सही घेतलेली हमी फायलीत राहते. भट्टीवर पोचतो तो दर. सर्वात कमी बोलीला काम, या नियमात ठेकेदार सिमेंटचा भाव पाडू शकत नाही, पोलादाचा पाडू शकत नाही. उरते मजुरी. तेव्हा निविदेत मजुरीची रक्कम वेगळी दाखवावी, किमान वेतनावर ती पक्की करावी आणि बोलीतून बाहेर काढावी. विटा कुठल्या भट्टीच्या, हे बिलाबरोबर मागावं. मासळीची बोट कळते, तर भट्टीचं गाव का कळू नये?

हंगामी मजूर, आज इथे उद्या तिथे, त्यांची नोंद ठेवायची कोणी, असं विचारलं जातं. हा प्रश्न महाराष्ट्राने 1969 सालीच सोडवला. माथाडी कायद्याने रोज मालक बदलणाऱ्या हमालाची मजुरी मंडळाकडे जमा करायला लावली, वर लेव्ही घेऊन त्यातून भविष्य निर्वाह निधी नि बोनस दिला. अण्णासाहेब पाटलांच्या संघटनेने ते मिळवलं. माथाडीच्या नावावर खंडणी मागणाऱ्या टोळ्यांची तक्रार इथले अनेक जण करतील, आणि ती खोटी नाही. पण टोळ्यांचा बंदोबस्त पोलिसांनी करायचा. त्यासाठी मजुरी मुकादमाच्या हातातून काढून घेण्याची ती पद्धत टाकून द्यायचं कारण नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. भट्टीवर पोर सापडलं की आपण पुरवठादाराला काळ्या यादीत टाकतो आणि हात झटकतो. त्याने आपली फाइल स्वच्छ होते. कुटुंबाची उचल तशीच राहते आणि ते दुसऱ्या, आणखी आडवळणाच्या भट्टीवर जातं. विधायक संसद या संघटनेने भट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या, कारण पोरं जिथे होती तिथेच शाळा न्यावी लागली. कंपनीनेही खरेदी चालू ठेवून दुरुस्ती करावी. त्या हंगामाचे पैसे आगाऊ द्यावेत, म्हणजे भट्टीवाल्याला आठवड्याची मजुरी आठवड्याला चुकती करता येईल, आणि बाईच्या हिश्शाची तिच्या स्वतःच्या खात्यावर.

संध्याकाळच्या सत्रात जो ठराव येणार आहे, त्याचा मसुदा मला दाखवला गेला. ‘पुरवठादारांनी कामगार कायद्यांचे काटेकोर पालन करावे’, असं त्यात लिहिलं आहे. अध्यक्षाने दुरुस्ती सुचवू नये असा संकेत आहे, तरी सुचवतो. त्या वाक्याच्या आधी दुसरं एक घाला: ‘खरेदीदार कंपन्यांनी किमान वेतन भागेल असा दर द्यावा आणि 45 दिवसांच्या आत पैसे चुकते करावेत.’ ठराव मांडणाऱ्यांना हे मान्य नसेल, तर मतदान घ्या. माझं मत दुरुस्तीच्या बाजूने नोंदवावं.