पुस्तकालाही आरोपपत्र द्या



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा मी त्यांना म्हटले, "अहो, मी आठवीत शाळा सोडलेला माणूस. आधी पाठीवर पोती वाहिली, मग पोती वाहणारांची युनियन बांधली. शाळेच्या पुस्तकांवर मी काय बोलणार?" ते म्हणाले, "म्हणूनच बोला."

शाळा सुटली, पण शाळेचे कपाट मला सुटले नाही. आमचे एक गुरुजी होते. बाजार उठला की ते मला बोलावून घेत आणि कपाटातले एखादे पुस्तक हातावर ठेवीत. त्यांत एकदा अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' मिळाली. हे लिहिणाऱ्याला शाळेत धड बसताही आले नव्हते, असे गुरुजींनी सांगितले, तेव्हा मी पुस्तक मिटून मुखपृष्ठावरचे नाव पुन्हा वाचले. याच अण्णा भाऊंच्या कलापथकाच्या कार्यक्रमांवर मोरारजी देसाईंच्या अमदानीत मुंबई सरकारने बंदी घातली होती. आणि याच 'फकिरा'ला १९६१ साली राज्य सरकारने बक्षीस दिले. बंदी घालणारे सरकारच आणि बक्षीस देणारेही सरकारच. मधल्या काळात अण्णा भाऊ काही बदलले नव्हते.

गेल्या साली आमच्या युनियनने एका शाळेला पुस्तके भेट द्यायचे ठरविले. शाळेचे नाव सांगत नाही; मुख्याध्यापक भला माणूस आहे. त्यांनी गठ्ठा पाहिला आणि तीन पुस्तके बाजूला काढली. एक गिरणी-संपाचा इतिहास, एक देवधर्माची चिकित्सा करणारे आणि तिसरे, हसू नका, शरीरशास्त्राचे. त्यात गर्भाशयाचे चित्र होते.

"यादीत नाहीत," ते म्हणाले.

"कोणत्या यादीत?"

"वरून कोणी विचारले तर?"

"कोणी विचारले आहे काय?"

"नाही. पण फोन आला तर?"

ही भीती आभाळातून पडलेली नाही. कोबाड गांधी यांच्या 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम'च्या मराठी अनुवादासाठी अनघा लेले यांना राज्य शासनाचा पुरस्कार डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर झाला आणि आठवड्याच्या आत, १२ तारखेला, तो रद्द झाला. ज्यांनी पुस्तक निवडले ती समितीही बरखास्त झाली. कारण काय दिले? 'प्रशासकीय'! पुस्तकावर बंदी नव्हती. दुकानांत ते विकले जात होते. पण खेड्यातल्या मुख्याध्यापकाला घ्यायचा तो अर्थ त्याने घेतला.

आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. कामगाराला काढायचे तर त्याला आरोपपत्र द्यावे लागते, त्याचे म्हणणे ऐकावे लागते. 'प्रशासकीय कारण' एवढ्यावर आम्ही कोणाला घरी जाऊ देत नाही. पुस्तकाला निदान तेवढे तरी मिळू नये काय?

कायदाही याहून वेगळे सांगत नाही. सरकारला एखादे पुस्तक जप्त करायचे असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ९८ व्या कलमाप्रमाणे हुकमात कारणे द्यावी लागतात. ज्याला हुकूम मान्य नसेल त्याने दोन महिन्यांत उच्च न्यायालयात जावे. तेथे तीन न्यायाधीश बसतात. पूर्वीच्या फौजदारी संहितेतही हेच होते. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकावर २००४ साली महाराष्ट्र सरकारने बंदी घातली. उच्च न्यायालयाने २००७ साली ती मोडली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली तो निकाल कायम केला. कारण कोणाकोणांत वैर पेटेल, हे हुकमात नीट सांगितलेच नव्हते. त्या पुस्तकातल्या काही मजकुराचा मलाही संताप आला होता. पण माझा संताप म्हणजे कारण नव्हे. आणि गोष्ट एकाच पक्षाची नाही, बरे का. सावरकरांच्या सत्तावनच्या ग्रंथावर इंग्रजांनी १९०९ साली, तो छापून बाहेर पडण्याआधीच बंदी घातली होती. न वाचता बंदी घालण्याची चाल ती अशी जुनी आहे.

शाळेच्या कपाटाला मात्र ना हुकूम, ना कारण, ना न्यायाधीश. एक फोन पुरतो; पुष्कळदा तोही लागत नाही.

कोणी म्हणेल, मग लहान मुलांच्या हाती काहीही द्यायचे काय? मुळीच नाही. चौथीच्या मुलाला काय द्यावे आणि दहावीच्या मुलीला काय, हे गुरुजींनीच ठरवावे. माझ्या गुरुजींनीही काही पुस्तके मला 'थांब, दोन वर्षांनी' म्हणून दिली नव्हती. त्यावर मी त्यांच्याशी भांडलो होतो, आणि एकदा जिंकलोही होतो. वरून आलेल्या तोंडी सूचनेशी कोण भांडणार? तिला तोंडच नसते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत तर स्वच्छ लिहिले आहे की, प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांवरची पुस्तके असावीत. सर्व विषयांवरची, सोयीच्या विषयांवरची नव्हे.

याच कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात. येथे बसलेल्यांपैकी कित्येकजण त्या समितीवर असतील. पुढच्या बैठकीत ग्रंथालयाची दाखल नोंदवही मागून पाहा. निर्लेखनाचा शेरा कोणत्या पुस्तकापुढे पडला आणि का, एवढे विचारा. वाळवी लागली असेल तर वाळवी लिहिलेली सापडेल.

आमची ती तीन पुस्तके युनियनच्या कचेरीत आहेत. ती का नाकारली, एवढे दोन ओळींत लिहून द्या, असे पत्र मी मुख्याध्यापकांना दिले आहे. उत्तर अजून आलेले नाही. पुढच्या सोमवारी मी पुन्हा जाणार आहे. कोणाला यायचे असेल तर या.