वाऱ्याच्या मर्जीने : मसाई मारातील बलूनची सफर

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



बँकेत छत्तीस वर्षे दुसऱ्यांच्या पैशांचा हिशेब ठेवला. त्यामुळे प्रवासवर्णन सांगायला उभा राहिलो तरी आधी खर्च, मग जोखीम आणि शेवटी देखावा असाच क्रम तोंडी येतो. तो आज गोड मानून घ्यावा.

ऑगस्ट २०१९ मध्ये आम्ही उभयता केनियाला गेलो. मुंबईहून नैरोबी विमानाने सहा-एक तास आणि तिथून मसाई मारा मोटारीने पाच-सहा तास. ऑगस्ट निवडला याचं कारण असं की साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात टांझानियातल्या सेरेंगेटीमधून वाइल्डबीस्ट नावाचे लाखो प्राणी चाऱ्यासाठी मारात उतरतात. एकूण आकडा बारा-तेरा लाखांच्या घरात सांगतात. सोबत झेब्रे आणि हरणं. मसाई मारा हे राखीव क्षेत्र साधारण १,५१० चौरस किलोमीटरचं आहे. दक्षिणेला त्याला लागूनच सेरेंगेटी आहे, पण ते जवळपास दहापट मोठं. जनावरांना अर्थातच सरहद्द ठाऊक नाही.

आता खर्च. बलूनच्या तासाभराच्या सफरीला माणशी साडेचारशे डॉलर, म्हणजे त्या वेळचे बत्तीस हजार रुपये. ऐकल्याबरोबर चिरंजीव फोनवर म्हणाले, "बाबा, या वयात कशाला? आणि आईच्या गुडघ्याचं काय?" पहिल्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं. दुसऱ्याला नव्हतं. सौ.च्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन जेमतेम आठ महिने झाले होते.

याचं कारण नीट समजून घ्या, कारण इथे बसलेल्या निम्म्या मंडळींना ते लागू आहे. बलूनची टोपली वेताची असते, आतून कप्पे केलेले असतात आणि बारा ते सोळा माणसं मावतात. मोठी टोपली सुरुवातीला जमिनीवर आडवी असते. आपण आत शिरून, गुडघे पोटाशी घेऊन, पाठीवर पडून राहायचं. बलून फुगला की टोपली सरळ उभी राहते. उतरताना खाली बसायचं, प्रवासाच्या दिशेकडे पाठ करायची आणि दोरी घट्ट धरायची. वारा असेल तर टोपली जमिनीवर दोन-तीनदा आपटते, कधी फरफटत जाऊन आडवी होते. त्यामुळे गरोदर स्त्रिया आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेली माणसं यांना घेत नाहीत. आमच्या डॉक्टरांनीही सौ.ला स्पष्ट नाही म्हणून सांगितलं.

मी म्हटलं, मग दोघंही नको. त्यावर ती म्हणाली, "तुम्ही जा हो. दोघांनी न जाऊन माझा गुडघा बरा होणार आहे का?" संसारात असे ठराव बिनविरोध मंजूर करायचे असतात.

आता जोखीम. २६ फेब्रुवारी २०१३ रोजी इजिप्तमध्ये लक्सर इथे उतरताना बलूनला आग लागली आणि एकवीस जणांपैकी एकोणीस दगावले. असे अपघात क्वचितच होतात, पण होतात. म्हणून जाण्याआधी मी प्रवास विम्याची पॉलिसी घेऊन बसलो. बारीक अक्षरात साहसी प्रकार वगळल्याचं कलम असतं, त्यात बलून आहे की नाही हे बघायचं. विचारायचं लेखी आणि उत्तरही लेखी घ्यायचं. पीतज्वराच्या लशीचंही तसंच. केनियाहून परतताना लशीचा दाखला नसेल तर आपल्या विमानतळावर वेगळं ठेवू शकतात. लस किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि साठीपुढच्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

पहाटे चारला उठवलं. कडाक्याची थंडी होती. मारा विषुववृत्ताजवळ असला तरी समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या वर आहे, स्वेटर लागतोच. मैदानात अंधारात मोठ्या पंख्याने कापडात हवा भरत होते. मग बर्नर पेटवला. इंधन प्रोपेन, म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊबंद. आतली हवा जवळजवळ शंभर अंशांपर्यंत तापते, हलकी होते आणि बलून उचलला जातो. यात सुकाणू नाही. पायलट फक्त वर-खाली नेऊ शकतो. निरनिराळ्या उंचीवर वाऱ्याची दिशा निरनिराळी असते, हवी ती दिशा शोधत तो चढतो-उतरतो. हे सगळं सूर्योदयालाच का? ऊन चढलं की जमीन तापते आणि गरम हवेचे झोत उठतात. आपल्याकडे नऊ-दहानंतर धरणाच्या बाजूच्या डोंगरावर घारी पंख न हलवता गोल गोल वर जातात ना, तेच ते झोत. घारीला ते सोयीचे, बलूनला घातक.

वर गेल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती म्हणजे वारा लागत नाही. आपण वाऱ्याबरोबरच चाललेलो असतो, मग तो लागणार कसा? बर्नर बंद असला की इतकी शांतता, की खालच्या जनावरांचे आवाज ऐकू येतात. वाइल्डबीस्टच्या रांगा पावसाआधी भिंतीवरून चाललेल्या मुंग्यांसारख्या दिसत होत्या. पाणघोडे रात्री चरून ज्या वाटांनी नदीकडे परततात, त्या वाटा गवतात कोरल्यासारख्या दिसतात. जीपमधून प्राणी दिसतो, वरून त्याचा रस्ता दिसतो. एवढा फरक बत्तीस हजारांत मिळाला.

बर्नर पेटला की मात्र मोठा आवाज होतो. एक-दोनदा हरणं उधळली. पायलटने कळपावरून जाताना बलून उंच नेला, हे मला आवडलं.

उतरलो सुखरूप, एकच आपटी. सौ. मागावर येणाऱ्या गाडीतून पोचली आणि आल्याबरोबर म्हणाली, "सिंहीण बघितली, दोन पिल्लांसह, अगदी रस्त्यात." मला वरून एकही सिंह दिसला नव्हता. तिचा खर्च शून्य.

मंडळी, बलून आपल्याला अगदी परका नाही. पॅरिसमध्ये माणूस पहिल्यांदा मोकळ्या बलूनमधून उडाला तो २१ नोव्हेंबर १७८३ रोजी. मारामध्ये पर्यटकांसाठी ही सफर १९७०च्या दशकात वन्यजीव चित्रपटकार अॅलन रूट यांनी सुरू केली. आणि गरम हवेच्या बलूनमधून सर्वांत उंच जाण्याचा विक्रम २६ नोव्हेंबर २००५ रोजी आपल्या मुंबईतूनच झाला. विजयपत सिंघानिया २१,०२७ मीटर, म्हणजे विमानं उडतात त्याच्या जवळपास दुप्पट उंचीवर गेले आणि सिन्नर तालुक्यातल्या पांचाळे इथे उतरले. तेव्हा त्यांचं वय सदुसष्ट होतं. हे मी चिरंजीवांना मुद्दाम कळवलं.

शेवटी एक गोष्ट, जी मला बलूनपेक्षा जास्त पटली. राखीव क्षेत्राच्या भोवतीच्या बऱ्याच जमिनी मसाई कुटुंबांच्या मालकीच्या आहेत. अनेकांनी त्या एकत्र करून पर्यटन व्यावसायिकांना भाडेपट्ट्याने दिल्या आहेत. मालकी त्यांचीच राहते, भाडं नियमित मिळतं, गुरं कुठे आणि कधी चारायची याचे नियम ठरतात. बदल्यात तिथे कुंपणं घालायची नाहीत. एकेकाने कुंपण घातलं तर जनावरांची वाट अडते आणि मग पर्यटकही येत नाही, भाडंही नाही. सगळं सुरळीत चालतं असं नाही, तंटे तिथेही आहेत. पण सहकार म्हणजे तरी दुसरं काय?

पंचवीस वर्षांपूर्वी आपण पळसदरीला आलो तेव्हा स्टेशनपासून डोंगरापर्यंत मोकळी जमीन होती. आता दोन्ही बाजूंना फार्महाऊसच्या भिंती आणि तारा आहेत. ठाकूर-कातकरी वाड्यांतल्या बायकांना मोळी घेऊन वळसा पडतो. आपल्या मागच्या कुंपणाची तार वाढवून ओढ्यापर्यंत न्यावी हा विषय येत्या सर्वसाधारण सभेत आहे. माझं मत आजच नोंदवतो : ओढ्याकडची पायवाट मोकळी राहावी.

ज्यांना बलूनमध्ये बसायचं आहे त्यांनी केनियापर्यंत जायलाच हवं असं नाही. घाट चढून कामशेतच्या बाजूला थंडीत बलून उडतात. सिंह नाहीत, पण खर्चही कमी. फक्त गुडघे धड आहेत तोवर जा. पॉलिसी वाचून जा. आणि जोडीदाराला जमत नसेल तर त्याच्याशी बोलून ठरवा, परस्पर नको.