अभिनयकलेची मशागत

(हौशी कलावंत व शिक्षक यांच्या शिबिरातील भाषण)

महाराष्ट्रात नाटकाची आवड खेडोपाडी रुजलेली आहे. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, त्यापूर्वीपासून कोकणात दशावतार रंगत होता. आज झाडीपट्टीत धानाची कापणी आटोपली की रात्ररात्र नाटके चालतात. जत्रा, गणेशोत्सव, शाळेचे स्नेहसंमेलन, निमित्त कोणतेही असो, रंगमंच उभा राहतोच.

मात्र या उत्साहातील वेळ आणि पैसा कशावर खर्च होतो, हे पाहिले म्हणजे मन थोडे खट्टू होते. पडदे, दिवे, ध्वनिक्षेपक, रंगभूषा यांची तजवीज महिनाभर अगोदर होते. तालमी मात्र आठ-दहा दिवसांत उरकल्या जातात आणि त्याही बहुधा पाठांतर पक्के करण्यापुरत्याच असतात. नटाचा आवाज, त्याचे चालणे-बसणे, त्याची निरीक्षणशक्ती यांकडे लक्ष देण्यास कोणाला सवड नसते. 'अभिनय हा अंगातच असावा लागतो' या एका समजुतीने ही हयगय झाकली जाते. या समजुतीपायी दोघांचे नुकसान होते. बुजऱ्या मुलाला कधी संधीच मिळत नाही. आणि ज्याच्या अंगी खरोखर गुण असतो, तो घसा ताणून ताणून ऐन उमेदीत आवाज गमावून बसतो.

१९७५ सालचा 'सामना' हा चित्रपट अनेकांच्या स्मरणात असेल. विजय तेंडुलकरांचे लेखन, डॉ. जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन आणि समोरासमोर दोन नट: मास्तरांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू व हिंदुराव धोंडे-पाटलांच्या भूमिकेत निळू फुले. लागू हे कान, नाक व घसा यांचे शल्यविशारद. पुण्याच्या प्रायोगिक रंगभूमीवर वर्षानुवर्षे काम केल्यानंतर १९६९ च्या सुमारास त्यांनी वैद्यकीय व्यवसाय सोडून पूर्णवेळ नाटक पत्करले. फुले यांनी माळीकाम केले आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून, लोकनाट्यातून ते घडले. दोघांपैकी कोणीही अभिनयाची पदवी घेतलेली नव्हती. तथापि दोघांच्याही पाठीशी मोठा अभ्यास होता. फक्त त्यांच्या शाळा निराळ्या होत्या. एकाने वाक्याचा अर्थ कोठे तोडावा व श्वास कोठे घ्यावा याचा काटेकोर विचार केला. दुसऱ्याने उघड्या मैदानातील प्रेक्षकांसमोर हजरजबाबीपणा कमावला. हिंदुरावांचा दरारा उभा करण्यास फुले यांना आरडाओरडा करावा लागला नाही. दबका स्वर आणि स्थिर नजर एवढ्यावर काम भागले. गावातल्या नाटकातील प्रत्येक पाटील ओरडूनच का बोलतो, हा प्रश्न यानंतर तरी पडावा.

अभिनयाचे पद्धतशीर शिक्षण देणाऱ्या संस्थाही देशात आहेत. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ साली सुरू झाले, तर पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० साली चित्रपटविषयक शिक्षणसंस्था निघाली. रोहिणी हट्टंगडी या दिल्लीच्या विद्यालयात शिकल्या. 'गांधी' (१९८२) या चित्रपटात कस्तुरबांचे तारुण्यापासून वार्धक्यापर्यंतचे आयुष्य त्यांनी ऐन तिशीच्या आसपास साकारले आणि त्यांना ब्रिटिश अकादमीचा पुरस्कार मिळाला. चित्रीकरण कथेच्या क्रमाने होत नाही. म्हातारपणाचा प्रसंग आधी आणि तरुणपणाचा नंतर, असेही घडते. म्हणून भूमिकेचा संपूर्ण आलेख नटाच्या मनात अगोदरच तयार असावा लागतो. शिवाय रंगमंचावर जो हावभाव शेवटच्या रांगेसाठी मोठा करावा लागतो, तोच कॅमेऱ्यासमोर जवळून टिपला गेला की हास्यास्पद ठरतो. तेथे मनातील विचार खरा असला पाहिजे. डोळ्यांतून तो आपोआप दिसतो.

परंतु अशा संस्थांत जागा मोजक्याच असतात. तालुक्याच्या गावातील शेकडो कलावंतांची तयारी तालुक्यातच व्हावयास हवी.

भरताच्या नाट्यशास्त्राने आंगिक, वाचिक, आहार्य व सात्त्विक असे अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत. आहार्य, म्हणजे वेशभूषा-रंगभूषा, यावरच आपला बहुतेक पैसा जातो हे वर आलेच. प्रारंभ वाचिकापासून करणे सर्वांत सोयीचे, कारण त्याला खर्च नाही आणि मराठीत त्याची निकड अधिक आहे. आपल्या भाषेत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, आणि 'आहे' की 'नाही' याचा निकालही तेथेच लागतो. अशिक्षित नटाचा श्वास मात्र नेमका तेथेच संपतो. 'मी त्याच्या घरी कधीही जाणार' एवढे ऐकू येते आणि 'नाही' हवेत विरते! त्यासाठी छाती फुगवून नव्हे, तर पोटापर्यंत श्वास भरून घेण्याची आणि तो पुरवून वापरण्याची सवय लावावी लागते. 'चहा' आणि 'चमचा' यांतील 'च' निराळे आहेत, याचेही भान हवे. याचा अर्थ वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी बोली पुसून टाकावी असा मुळीच नाही. पात्र ज्या मुलखातले, त्या मुलखाची बोली स्पष्ट ऐकू यावी, इतकेच.

ऐकणे हाही अभिनयाचाच भाग होय. दशावतारात लिखित संहिता नसते. कथानक ठरते आणि संवाद तेथल्या तेथे उभे राहतात. समोरच्याचे शब्द लक्षपूर्वक ऐकल्याखेरीज तेथे उत्तरच देता येत नाही. तोंडपाठ संवाद म्हणणारा नट आपली पाळी येण्याची वाट पाहतो आणि म्हणून निर्जीव दिसतो. तालमीत एखादा प्रसंग संहिता बाजूस ठेवून, स्वतःच्या शब्दांत करून पाहिला तर हा दोष लवकर उमगतो.

ग्रामपंचायतींनी समाजमंदिर महिनाभर सायंकाळी तालमीस उघडे ठेवले, तरी बरेच साधेल. शाळेत तर याहून सोपा उपाय आहे. मराठीच्या तासाला एका विद्यार्थ्याने फळ्याजवळ उभे राहून, न ओरडता, उतारा वाचावा. शेवटच्या बाकावरील मुलांनी प्रत्येक वाक्याचे ऐकू आलेले क्रियापद तेवढे वहीत उतरवून घ्यावे आणि वाचन संपल्यावर त्या वह्या वाचणाऱ्याच्याच हाती द्याव्यात.