तुलनेच्या पट्ट्यातल्या बायका

(महिला आरोग्य कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण, थोडे संपादित करून)



‘विज्ञान संशोधन आणि स्त्रिया’ असा विषय मला दिलेला आहे. विषय एवढा ऐसपैस आहे की त्यावर काहीही बोललं तरी खपून जातं. म्हणून मी एकच प्रयोग घेणार आहे. तो तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात झाला. त्याचे निष्कर्ष जगभर वापरले जातात, आणि ज्या बायकांच्या जिवावर ते निघाले त्यांच्या जिल्ह्यात मात्र त्याची फारशी चर्चा नाही.

पण आधी शेताकडे जाऊ. नवं खत किंवा नवं वाण तपासायचं असलं की कृषी विद्यापीठाची माणसं शेताचे सारखे पट्टे पाडतात. काही पट्ट्यांना नवं खत, काहींना जुनं, आणि एखादा पट्टा तसाच ठेवतात, तुलनेसाठी. कुठल्या पट्ट्याला काय हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, म्हणजे चांगली जमीन मुद्दाम नव्या खताच्या वाट्याला जात नाही. ही पद्धत इंग्लंडमध्ये रॉथम्स्टेडच्या शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी १९२०च्या दशकात बसवली. पुढे वैद्यकशास्त्राने ती उचलली. क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची अशी चाचणी होऊन १९४८मध्ये तिचे निष्कर्ष छापले गेले. औषध खरंच गुणकारी आहे की नुसती जाहिरात, हे ओळखण्याचा याहून चांगला मार्ग अजून सापडलेला नाही. आपण संशोधनाच्या विरोधात नाही, हे मी सुरुवातीलाच सांगून ठेवते, कारण बाहेर आपल्याबद्दल तसं बोललं जातं.

फरक एवढाच की ज्या पट्ट्याला खत मिळालं नाही त्याला काही होत नाही. पीक कमी येतं, इतकंच.

आता उस्मानाबाद. गर्भाशयमुखाचा कॅन्सर हा गरीब बाईचा आजार. एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे तो होतो, आणि संसर्गापासून कॅन्सरपर्यंत पोचायला बहुधा दहा-वीस वर्षं लागतात. म्हणजे मधल्या काळात तपासणी झाली तर तो होण्याआधीच थांबवता येतो. तपासणीच्या तीन पद्धती. एक पॅप, म्हणजे तिथल्या पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. दुसरी, व्हिनेगरसारखं पातळ अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावून पांढरे डाग दिसतात का ते नुसत्या डोळ्यांनी पाहायचं. याला ‘व्हीआयए’ म्हणतात. तिसरी, विषाणूच शोधायचा, ती एचपीव्ही चाचणी. खेड्यात यातली कुठली उपयोगाची?

हे शोधायला १९९९ साली काम सुरू झालं. मुंबईचं टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लिऑनची आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी ते केलं, गेट्स फाउंडेशनचा पैसा होता. गावांचे ५२ गट पाडले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका. तेरा गटांतल्या बायकांची एचपीव्ही चाचणी, तेरांत पॅप, तेरांत व्हीआयए, प्रत्येकीची एकदाच. उरलेल्या तेरा गटांतल्या ३१,४८८ बायका तुलनेसाठी. त्यांना आजाराची लक्षणं, प्रतिबंध आणि तपासणी कुठे होते याची माहिती दिली. तपासणी मात्र केली नाही.

पुढे सुमारे आठ वर्षं नोंदी ठेवल्या. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्ही चाचणी झालेल्या ३४,१२६ बायकांपैकी या कॅन्सरने ३४ गेल्या. तुलनेच्या गटात त्याहून कमी बायका होत्या, तिथे ६४ गेल्या. म्हणजे आयुष्यात एकदा केलेल्या चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. पॅप आणि व्हीआयएच्या गटांत मृत्यूंमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

यावर मोठा वाद झाला. टीकाकार म्हणाले, पॅप तपासणीने हा कॅन्सर रोखता येतो हे श्रीमंत देशांत कित्येक वर्षं माहीत असताना तीस हजार बायकांना बिनतपासणीचं ठेवून त्यांचे मृत्यू मोजायचे, हे अमेरिकेत किंवा फ्रान्समध्ये कुणी करू दिलं असतं का? संशोधकांची बाजू अशी की जिल्ह्यात तपासणीची सोयच नव्हती, आम्ही कुणाचं काही काढून घेतलं नाही, आणि तुलना नसती तर काहीच सिद्ध झालं नसतं. या बाजूत तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पॅप खेड्यात एकदा करून भागत नाही, हे त्या प्रयोगामुळेच कळलं. मला खटकतो तो ‘प्रचलित सेवा’ हा शब्द. अशा प्रयोगांत तुलनेच्या गटाला ‘प्रचलित सेवा’ मिळते. आपल्याकडे प्रचलित सेवा म्हणजे काय, तर काही नाही. सरकारने वर्षानुवर्षं जे केलं नाही, तेच प्रयोगाचा पाया होऊन बसतं. आणि जिथे दुर्लक्ष जास्त तिथे प्रयोग करणं सोपं, असा उलटा हिशोब तयार होतो.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांतही असाच एक मोठा प्रयोग झाला, अमेरिकी सरकारी संस्थेच्या पैशाने. तिथे प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी व्हीआयए केली, चार फेऱ्या. मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. म्हणजे व्हीआयए उपयोगाची आहे, पण पुन्हापुन्हा आणि नीट केली तर. इथल्याही तुलनेच्या गटाची तपासणी झाली नव्हती. बायकांना संमतीसाठी दिलेली माहिती पुरेशी नव्हती, असं पुढे अमेरिकेतल्याच देखरेख कार्यालयाने म्हटलं.

संमती या शब्दापाशी आपल्या चळवळीचा इतिहास आहे. १९८५मध्ये हैदराबादजवळ पटनचेरूच्या आरोग्य केंद्रात नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनच्या चाचणीसाठी बायका जमवल्या होत्या. हा प्रयोग आहे, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. स्त्री शक्ती संघटनेच्या कार्यकर्त्यांनी ते उजेडात आणलं आणि १९८६मध्ये सहेलीसारख्या संघटनांना बरोबर घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेल्या. पंचवीस वर्षांनी पुन्हा तेच. २००९मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यात दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना एचपीव्हीची लस दिली गेली. खम्मममध्ये त्यांतल्या बऱ्याच जणी आश्रमशाळांतल्या आदिवासी मुली. पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्या. सात मुलींच्या मृत्यूनंतर २०१०च्या एप्रिलमध्ये काम थांबवलं गेलं. मृत्यू लशीमुळे झाले नसावेत असं चौकशी समितीने म्हटलं, पण संमतीतल्या त्रुटी तिनेही मान्य केल्या, आणि २०१३मध्ये संसदीय समितीने फार कडक शब्दांत लिहिलं. लस वाईट आहे असा माझा मुळीच दावा नाही. ती चांगली आहे. पण लस चांगली असली म्हणून मुलीच्या आईला विचारायचं राहत नाही.

आता बीडकडे या. धाराशिवला लागूनच. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढल्या जातात म्हणून २०१९मध्ये राज्य सरकारने समिती नेमली. ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. यातल्या कितीतरी जणी अंगावर पांढरं जातं म्हणून दवाखान्यात गेल्या आणि ‘कॅन्सर होईल’ हे ऐकून आल्या. पाळी आली की खाडा, खाडा झाला की मुकादम पैसे कापणार, त्यामुळे त्यांनाही ते पटलं. शेजारच्या जिल्ह्यात हजारो बायकांवर जी चाचणी सिद्ध झाली, ती या बायकांसाठी उपलब्ध असती तर ‘कॅन्सर होईल’ म्हणणाऱ्या डॉक्टरला ‘आधी चाचणी करा’ असं सांगता आलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये एचपीव्ही चाचणीच पहिली पसंती म्हणून सांगितली. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ३० ते ४९ वयाच्या ज्या बायकांची या कॅन्सरसाठी एकदा तरी तपासणी झाली आहे, त्यांचं प्रमाण शंभरात दोनसुद्धा भरत नाही.

शेतीकडे परत येते, कारण तिथे आपल्याला कुणी विचारतच नाही. वैद्यकीय प्रयोगात निदान एक कागद असतो, त्यावर अंगठा घेतात. शेतात नवं बियाणं, नवं औषध आलं की मालक ठरवतो. फवारणीला पाणी वाहणारी, औषध कालवणारी बाई त्या हिशोबात कुठेच नाही. २०१७मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. तेव्हा फवारणाऱ्यांची मोजदाद झाली. दुसऱ्या दिवशी त्याच ओल्या पऱ्हाटीत खुरपायला गेलेल्यांची कुणी केली?

खुरपणीचंच घ्या. तणनाशक सहन करणाऱ्या कापसाला सरकारची परवानगी नाही, तरी चोरून पेरा होतो, आणि २०१९मध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी तो जाहीरपणे पेरून दाखवला. त्यांचा मुद्दा मजुरीच्या खर्चाचा. खुरपणी काही सुखाची नाही, कंबर मोडते. स्वतःच्या दोन एकरांत राबणाऱ्या बाईला तणनाशक हवंसं वाटलं तर मी तिला नावं ठेवणार नाही. पण वाचलेला खर्च म्हणजे दुसऱ्या बाईची पावसाळ्यातली रोजंदारी, हे संशोधनाच्या कुठल्या रकान्यात लिहितात? आणि ग्लायफोसेट या तणनाशकाने कॅन्सरचा संभव आहे असं २०१५मध्ये म्हणणारी संस्था लिऑनचीच, उस्मानाबादच्या प्रयोगातली. इतर अनेक नियामकांना ते मान्य नाही. वाद चालू आहे, फवारणीही चालू आहे.

तुमच्या गावात पाहणीवाले आले तर त्यांना हाकलू नका. कागद वाचून घ्या, मराठीत नसेल तर मागा. आमच्यात तुलनेचा गट आहे का, त्यांना काय मिळणार, हे विचारा. इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार, आणि चाचणी यशस्वी झाली तर ती आमच्या उपकेंद्रात कधी येणार, हेही. २०१९च्या नव्या नियमांनी औषध चाचण्यांमध्ये भरपाई आणि नंतरच्या औषधपुरवठ्याबद्दल काही तरतुदी केल्या आहेत, त्यांची मराठी टिपणं मी आणली आहेत. धाराशिव, बीड आणि लातूरच्या मैत्रिणींनी जेवणाच्या सुट्टीत मला भेटा. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला माहितीच्या अधिकारात अर्ज द्यायचाय, गेल्या वर्षी किती बायकांची तपासणी झाली आणि कुठल्या पद्धतीने. मसुदा तयार आहे, सह्या हव्यात.