दोन पिशव्या, चार मणी

(साकोली तालुक्यातील महिला आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सिकलसेल हा शब्द आपल्या भंडारा जिल्ह्याला नवा नाही. नागपूर भागात हा आजार असल्याचं डॉक्टरांनी १९५८ सालीच लिहून ठेवलंय. २०२३ पासून केंद्र सरकारची निर्मूलन मोहीम सुरू आहे. रक्त तपासतात, कार्ड देतात. पण ते कार्ड घेऊन सून घरी गेली की सासू एवढंच विचारते, 'हे दुखणं तुझ्या माहेरचं ना?'

या प्रश्नाला उत्तर द्यायला नुसतं भाषण पुरत नाही. म्हणून आपण चित्रं काढायला लागलो.

पहिलं चित्र सोपं. रक्तातली लाल पेशी टिकलीसारखी गोल. आजार असेल तर ती धान कापायच्या विळ्यासारखी वाकते, बारीक नसांमध्ये अडकते, म्हणून हातपाय ठणकतात. हे पाहून एक पोरगी म्हणाली, 'म्हणजे मी कामचुकार नव्हते!'

दुसरं चित्र आईबापाचं. त्यात आपण चुकलो होतो. दोघं वाहक, खाली चार मुलं, त्यातलं एक लाल रंगवलेलं. बायांनी अर्थ काढला की एक आजारी झालं, आता पुढची तीन सुटली! तसं नसतं. प्रत्येक गरोदरपणात धोका तेवढाच, चारात एक. मग आपण चित्र ठेवलं बाजूला आणि दोन पिशव्या घेतल्या, एक आईची, एक बापाची. दोन्हींत एक लाल मणी, एक पांढरा. न बघता प्रत्येकीतून एकेक काढायचा. दोन्ही लाल आले तर मूल आजारी, एक लाल एक पांढरा तर वाहक, दोन्ही पांढरे तर काहीच नाही. मणी परत टाकायचे, पुन्हा काढायचे. बापाच्या पिशवीतून लाल मणी आल्याशिवाय दोन लाल होतच नाहीत, हे सासूने स्वतःच्या हाताने पाहिलं की तिचा आवाज खाली येतो.

चित्रंही ज्यांची त्यांनीच तपासावीत. राजस्थानात अजमेर भागातल्या खेड्यांतल्या बायांनी 'शरीर की जानकारी' हे पुस्तक तयार केलं, १९८९ मध्ये ते छापलं गेलं. आमच्या गावात उघडी बाई कुठे दिसते, असं त्या म्हणाल्या. म्हणून चित्रावर कागदाचा घागरा चिकटवला. तो उचलला की आतलं शरीर दिसतं.

आता शहरातल्या काही दवाखान्यांत डोळ्यांवर यंत्र चढवतात आणि आपण जणू नसांमधून फिरतो. आभासी वास्तव म्हणतात त्याला. मिळालं तर जरूर पाहू. पण त्यात एकटी रोगी बघते. दोष देणारे बाहेरच बसलेले असतात! दंडारीला मात्र सासू, सासरा, नवरा सगळे येतात.

दिवाळीनंतर मंडई भरेल. गेल्या वर्षीच्या दंडारीत मुलाकडचे मुलीचं कार्ड मागतात आणि लग्न मोडतं, एवढंच होतं. त्यावर लोक हसले. मला ते फार लागलं. यंदा मुलीचा बाप मुलाचंही कार्ड मागेल. तो प्रवेश अजून लिहायचा आहे, आणि मुलाच्या बापाचं काम करायला कोणी तयार नाही. जेवणानंतर त्यासाठीच बसू. मणी मी आणलेत, पिशव्या तुम्ही शिवा.